क्षमा मागितली, पण वहीतल्या खोट्या आकड्याचे काय?

सियागंजचा मुनीम, इंदूर:
प्रभूमध्ये सर्वांना सलाम. मी सियागंजातील किराणा मालाच्या एका ठोक पेढीवर नऊ वर्षांपासून वही सांभाळतो. हमालांना 180 रुपये द्यायचे, व्हाउचरवर 200 लिहायचे आणि वरचे वीस खिशात घालायचे, ही सवय मला कधी जडली ते आठवत नाही. रात्री प्रार्थनेत रडून क्षमा मागतो, आठ-दहा दिवस हात आवरतो आणि मग पुन्हा तेच घडते. देवाने क्षमा केली असेल, तर सेठजींना सांगणे आवश्यक आहे का? येत्या रविवारी मंडळीत प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या स्मरणार्थ भाकरी आणि द्राक्षारस घेण्याचा विधी, आहे. ते मी घ्यावे का?

मंडळीतील एक वडील:
भाऊ, आपले रडणे खोटे आहे असे मी म्हणणार नाही, परंतु पश्चात्ताप म्हणजे मन फिरणे, आणि मन फिरले की हातही फिरतो. बायबलातील लेवीय या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात लबाडीने घेतलेले पुरे परत करून त्यावर पाचवा हिस्सा अधिक द्यावा, आणि तो ज्याचा त्यालाच द्यावा, असे सांगितले आहे. दोषार्पण, म्हणजे दोषाबद्दल देवाला करायचे अर्पण, त्याच दिवशी, पण परतफेडीऐवजी नव्हे. येशू ज्याच्या घरी उतरला त्या जकातदार जक्कयाने तर चौपट देण्याचे कबूल केले. मेंढरू चोरून कापणाऱ्याला मोशेच्या नियमशास्त्राने लावलेला तो दंड त्याने, कोणी मागितला नसताना, स्वतःला लावून घेतला. तारण, म्हणजे पापातून सुटका, याने विकत मिळत नाही. तारण घरी आल्यावर जक्कयाची थैली सुटली, एवढेच. प्रभुभोजनाविषयी मात्र मत्तय 5:23-24 (अर्पण वेदीपाशी ठेवून आधी भावाशी समेट कर) पाहून मी म्हणेन, आधी सेठजींकडे जा.

परदेशीपुऱ्यातील बहीण:
वडिलांशी मी बहुतांशी सहमत आहे, तरी 1 करिंथ 11:28 मध्ये माणसाने स्वतःची परीक्षा करावी आणि मग त्या भाकरीतून खावे असे आहे. दूर बसावे असे नाही. ज्याने जाण्याचे खरोखर ठरवले आहे त्याने प्रभुभोजनाच्या मेजापासून का पळावे?
दुसरे असे की, दादा, आपण दर वेळी घर झाडता आणि रिकामे ठेवता. मत्तयाच्या बाराव्या अध्यायातला, माणसातून निघून गेलेला अशुद्ध आत्मा अशाच झाडलेल्या घरात सात सोबती घेऊन परततो. पैसे हमालांच्या हाती दुसऱ्याने द्यावेत आणि व्हाउचरवर त्यांची सही किंवा अंगठा घ्यावा, अशी व्यवस्था सेठजींकडून आपणच मागून घ्या. प्रेषित पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या सातव्या अध्यायाचा (‘जे इच्छीत नाही तेच मी करतो’) आधार घेऊन ‘पौलाचेही असेच होत होते’ असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. पौल तिथे कण्हत आहे, सवलत मागत नाही.

सियागंजचा मुनीम, इंदूर:
काल रात्री जुन्या वह्या काढून बसलो. जेवढे सापडले ते 18,400 रुपये, पाचवा हिस्सा 3,680, एकूण 22,080. एकरकमी देण्याची ऐपत नाही, म्हणून पगारातून कापून घ्या असे म्हणेन. नोकरी जाऊ शकते, हे घरी सांगितले आहे. बायको बराच वेळ काही बोलली नाही, मग तिने आकडा पुन्हा विचारला. सेठजी सकाळी गादीवर अगरबत्ती लावायला एकटेच येतात. शनिवारी मी त्या वेळी जाणार आहे.