बांधकाम परवानगीचा प्रस्ताव टाकण्याआधी कोणती तपासणी करून घ्यावी? (एरंडवणे, जुना बंगला)

एरंडवणेकर

नमस्कार मंडळी. एरंडवण्यात सोसायटीच्या लेआउटमधला प्लॉट आहे. मालमत्ता पत्रकावर क्षेत्र ३३० चौ. मी. कुंपणाच्या आतून टेप लावली तर १५ बाय २१.२, म्हणजे ३१८च भरतं. समोरचा रस्ता ७.५ मीटरचा. जुना बंगला पाडून पार्किंगवर चार मजले काढायचे आहेत.

प्रस्ताव दाखल करण्याआधी खात्री करून घ्यायची आहे, पण जो तो वेगळं सांगतो. एक म्हणतो झोन दाखला काढा, पुरे. दुसरा म्हणतो लेखी डीपी (विकास योजना) अभिप्राय घ्या. तिसऱ्याचं म्हणणं, बांधकाम विभागातल्या इंजिनिअरला कच्चा नकाशा दाखवून या. चौथा म्हणतो हे सगळं सोडा, ऑनलाइन छाननीत काय निघायचं ते निघेल. यातलं नेमकं काय करावं, आणि कुठल्या क्रमानं?

टी-स्क्वेअर

चौघेही आपापल्या जागी बरोबर आहेत, कारण चौघांची उत्तरं चार वेगळ्या प्रश्नांची आहेत. तुमचा प्लॅन कशामुळे अडू शकतो ते आधी ठरवा, म्हणजे कोणती तपासणी हवी ते कळेल.

झोन दाखला एवढंच सांगतो की तुमचा सर्व्हे किंवा सीटीएस (शहर भूमापन) नंबर कोणत्या झोनमध्ये आहे आणि त्यावर आरक्षण आहे का. पुण्याच्या जुन्या हद्दीची विकास योजना जानेवारी २०१७ मध्ये मंजूर झाली, त्यावरून तो मिळतो. अडचण अशी की दाखला अख्ख्या नंबराचा असतो. त्या नंबरातून डीपी रस्ता जात असेल तर दाखल्यात 'अंशतः रस्ता' अशी ओळ येते, पण तो तुमच्या कंपाउंडला खेटून जातो की जिन्यावरून, हे त्यात दिसत नाही. म्हणून दाखल्यासोबत भाग नकाशा, म्हणजे विकास योजनेचा तुमच्या जागेपुरता नकाशा, मागायचाच. नुसता दाखला घरी आणून फायलीला लावणारे बरेच असतात, आणि फसतात तेही तेच.

लेखी अभिप्राय हवा तो आरक्षणाची हद्द, रस्त्याची आखणी किंवा नाला तुमच्या प्लॉटला स्पर्श करत असेल तेव्हा. भाग नकाशा स्वच्छ असेल तर अभिप्रायासाठी थांबण्यात अर्थ नाही.

ऑनलाइन छाननी झोन-बिन पाहत नाही. ती पाहते ते ड्रॉइंग: एफएसआय (प्लॉटच्या क्षेत्राच्या किती पट बांधता येतं), सामासिक अंतरं (हद्दीपासून सोडायची मोकळी जागा), पार्किंग, जिना, खोल्यांची मापं. प्लॉटची हद्दच चुकीची काढली असेल तर ती त्या चुकीच्या हद्दीवर सगळं काटेकोर तपासून 'ठीक' म्हणेल.

तुमच्या बाबतीत झोनपेक्षा दोन गोष्टींची चिंता जास्त आहे. ३३० की ३१८ हा घोळ, आणि तो ७.५ मीटरचा रस्ता.

शंकुसाखळी

क्षेत्राचं मी लिहितो. बारा चौ. मी.चा फरक टेपच्या चुकीनं पडत नाही. नेहमीची कारणं तीन. कुंपण हद्दीच्या आत घेतलंय. शेजाऱ्याची भिंत तुमच्यात आलीय. किंवा रस्त्यासाठी पूर्वी पट्टी सोडली, पण पत्रकावर नोंद झाली नाही. तिन्हींचे उपाय वेगळे, त्यामुळे अंदाज बांधत बसू नका.

भूमी अभिलेखकडे हद्द कायम मोजणीचा अर्ज करा. अर्ज ऑनलाइन होतो, प्रकार दोन, नियमित आणि द्रुतगती. अर्जाला ताजं मालमत्ता पत्रक आणि लगतच्या धारकांची नावं-पत्ते लागतात. पत्ते जुने दिलेत तर नोटिसा परत येतात आणि मोजणीची तारीख पुढे जाते. मोजणीच्या दिवशी कोपरे दिसले पाहिजेत. झुडपं, पत्र्याची शेड, रचलेल्या विटा आधी हलवून ठेवा.

हातात येते ती 'क' प्रत, म्हणजे मोजणीचा नकाशा. तिच्यात वहिवाटीची रेघ आणि अभिलेखाची रेघ वेगवेगळी दाखवलेली असते. परवानगीसाठी हिशेब धरतात तो साधारण दोन्हींतलं कमी क्षेत्र पाहून. म्हणजे पत्रकावर ३३० आणि जागेवर ३१८ असेल तर ३१८ धरूनच प्लॅन बसवा. वास्तुविशारदाला 'क' प्रतीआधी ड्रॉइंग करायला लावलंत तर दोनदा पैसे द्याल.

सोसायटीच्या मूळ मंजूर लेआउटची प्रतही काढा. प्लॉटची मापं, रस्त्याची मंजूर रुंदी आणि मोकळी जागा त्यावर असते. जमीन भाडेपट्ट्यावर असेल तर सोसायटीचं संमतिपत्र लागेल. ते शेवटी मागायला गेलात तर सर्वसाधारण सभेपर्यंत थांबावं लागू शकतं.

पेठेतला इंजिनिअर

रस्त्याचा मुद्दा नीट समजून घ्या, तुमचा सगळा हिशेब त्यावर उभा आहे.

डिसेंबर २०२० पासून मुंबईसारखे काही भाग सोडून राज्यभर एकत्रित नियमावली, म्हणजे यूडीसीपीआर, लागू आहे. दाट वस्तीबाहेरच्या भागात रस्ता ९ मीटरपेक्षा कमी असेल तर मूळ एफएसआय १.१० मिळतो, पैसे भरून मिळणारा प्रीमियम एफएसआय नाही आणि टीडीआरही (दुसऱ्या जागेवरून विकत आणलेला बांधकाम हक्क) नाही. रस्ता ९ ते १२ मीटरमध्ये बसला की मूळ १.१०, प्रीमियम ०.५०, टीडीआर ०.४०, एकूण २.००. रहिवासी वापराला त्यावर ६० टक्क्यांपर्यंत पूरक क्षेत्र अधिमूल्य भरून घेता येतं.

३१८ वर मांडून बघा. आज १.१० नं ३४९.८, पूरक धरून सुमारे ५६० चौ. मी. रस्ता ९ मीटरचा धरला गेला तर २.०० नं ६३६, पूरक धरून सुमारे १,०१८. (रस्त्यात जाणाऱ्या पट्टीचा हिशेब इथे बाजूला ठेवलाय.) जवळजवळ दुप्पट. म्हणजे रस्ता ७.५ की ९ हे कळल्याशिवाय चार मजल्यांचं चित्र काढणं फुकट आहे.

रस्ता जागेवर टेपनं मोजून कितीही भरला तरी उपयोग नाही. बघतात ती मंजूर लेआउटमधली, डीपीतली किंवा महापालिका अधिनियमाच्या कलम २१० खाली ठरलेल्या प्रमाणरेषेची (रस्त्याच्या कडेची ठरवून दिलेली रेघ) रुंदी. तेव्हा पथ विभागाकडे विचारायचा प्रश्न एकच: या रस्त्याला कलम २१० ची मंजूर प्रमाणरेषा आहे का, असल्यास रुंदी किती आणि ती कुठल्या बाजूनं धरलीय? दोन्ही बाजूंनी सारखी असेल तर तुमची पाऊण मीटर पट्टी जाईल, १५ मीटर दर्शनी रुंदीला ११.२५ चौ. मी. सगळी रुंदी तुमच्याच बाजूनं असेल तर दीड मीटर, म्हणजे २२.५. हे उत्तर लेखीच घ्या.

आणि २.०० मिळाला म्हणून तो प्लॉटवर मावेलच असं नाही. उंची १५ मीटरच्या वर गेली की बाजूचं आणि मागचं अंतर उंचीच्या एक पंचमांश लागतं. १८ मीटर उंची धरली तर प्रत्येक बाजूला ३.६. तुमचा प्लॉट १५ मीटर रुंद, त्यातून ७.२ गेले, इमारतीला उरले ७.८ मीटर. त्यात जिना, लिफ्ट आणि दोन बाजूंना खोल्या बसवून पाहा म्हणजे कळेल. खालच्या मजल्यावर गाडीची जागा २.५ बाय ५ मीटर, दुचाकीची १ बाय २. शिवाय गाडी आत-बाहेर करायला मोकळी जागा. अशा अरुंद प्लॉटवर एफएसआयच्या आधी पार्किंगच हात वर करतं.

एरंडवणेकर

मनापासून धन्यवाद. म्हणजे मोजणी, भाग नकाशा, रस्त्याचं लेखी उत्तर, आणि मग ड्रॉइंग. पण विभागात जाऊन चर्चा करायची की नाही? काही जण म्हणतात तोंडी बोलण्याला काही किंमत नसते.

टी-स्क्वेअर

किंमत असते, पण तुम्ही काय विचारता त्यावर. 'इथे किती बांधता येईल?' असं विचारलंत तर 'नियमाप्रमाणे' एवढंच उत्तर मिळेल, आणि ते चूकही नाही. 'क' प्रत, भाग नकाशा आणि एका पानावर रेखाटलेली इमारतीची बाह्यरेषा घेऊन जा, तीही वास्तुविशारदाला सोबत घेऊन. दोन-तीनच प्रश्न न्या, ज्यांत नियमाचा अर्थ लावावा लागतो असे. उदाहरणार्थ, कोपऱ्यावरच्या प्लॉटला दर्शनी बाजू कोणती धरायची, किंवा लेआउटमधल्या मोकळ्या जागेला लागून असलेल्या बाजूचं अंतर कसं मोजायचं. पुस्तकात सरळ लिहिलेलं विचारायला जाऊ नका.

तोंडी उत्तर कुणाला बांधील नसतं, हे खरं. पण कुठे शेरा पडणार ते आधी कळतं. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमाच्या कलम ४५ प्रमाणे ६० दिवसांत उत्तर आलं नाही तर परवानगी मिळाली असं मानलं जातं, हे सगळ्यांना पाठ असतं. पुढचं कुणी वाचत नाही. प्राधिकरणानं माहिती किंवा त्रुटींची पूर्तता मागितली की दिवस मोजतात ते तुमचं उत्तर पोचल्यापासून. शिवाय प्लॅन नियमात बसत नसेल तर मानीव परवानगीचा आधार घेताच येत नाही. प्रत्येक शेरा म्हणजे घड्याळ पुन्हा शून्यावर.

ड्रॉइंग झाल्यावर अपलोड करण्याआधी प्री-डीसीआरमध्ये (ड्रॉइंग आधीच तपासून पाहायचं सॉफ्टवेअर) तपासून घ्यायला सांगा. तिथं अडतं ते बहुतेक किरकोळ. प्लॉटची पॉलिलाइन (हद्दीची रेघ) कुठेतरी अर्धा सेंटिमीटर उघडी, जिना चुकीच्या लेयरवर, बाल्कनीला नावच नाही, अर्जात ३३० आणि ड्रॉइंगमध्ये ३१७.६. हे घरी तासाभरात सुटतं. दाखल केल्यावर त्याचाच शेरा होतो.

धानोरीवाला

विषयाला धरूनच विचारतो. माझा प्लॉट १४० चौ. मी. धानोरीत. १५० च्या आतल्याला परवानगीच लागत नाही, नुसती सूचना द्यायची, असं ऐकलंय. मग मला यातलं काहीच करायला नको ना?

पेठेतला इंजिनिअर

अर्धंच ऐकलंय. १५० चौ. मी.पर्यंतच्या प्लॉटला परवान्याची वाट पाहावी लागत नाही. नकाशा, तज्ज्ञाचं प्रमाणपत्र आणि शुल्क देऊन सूचना दिली की पोच हाच आधार. १५० ते ३०० च्या प्लॉटला दहा दिवसांत प्रमाणपत्र मिळण्याची तरतूद आहे. पण सोपी केलीय ती प्रक्रिया, नियम तेच राहिलेत. आरक्षण, पूररेषा, उंची, सामासिक अंतर, सगळं लागू. उलट तुमच्या बाबतीत आधीची तपासणी जास्त महत्त्वाची, कारण दाखल करताना चूक पकडणारं कुणी नसतं आणि जबाबदारी तुमची आणि सही करणाऱ्याची.

धानोरी म्हटल्यावर लोहगावची धावपट्टी आली. तिथली उंचीची एनओसी (ना हरकत प्रमाणपत्र) वायुदलाकडून. अर्जात उंची जमिनीपासून नाही, समुद्रसपाटीपासून लिहायची. प्लॉटची समुद्रसपाटीपासूनची उंची अधिक इमारतीची उंची, आणि इमारतीत पाण्याची टाकी, लिफ्टची खोली, अँटेना सगळं धरून. अक्षांश-रेखांश डब्ल्यूजीएस-८४ (जीपीएस वापरतं ती मापनपद्धत) मध्ये आणि जागेवर जाऊन घेतलेले हवेत. मोबाइलवरून उचललेला आकडा काही मीटरनी चुकतो, आणि तेवढ्यात एक मजला जातो.

शंकुसाखळी

एनओसींची गोष्ट निघालीच आहे तर बाकीच्यांसाठीही. सगळ्या गोळा करत बसू नका, जागेला लागू पडते तीच. शनिवारवाडा, पाताळेश्वर लेणी, आगाखान पॅलेस यांच्यापासून १०० मीटरपर्यंत नव्या बांधकामाला मनाई आणि त्यापुढच्या २०० मीटरला नियंत्रण, हे केंद्राच्या कायद्यानं. नदीकाठी जलसंपदा विभागाच्या पूररेषा. निळी २५ वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतल्या. निळ्या रेषेच्या आत नवं घर विसरा. निळ्या आणि लालच्या मध्ये असाल तर जोतं लाल रेषेच्या पातळीपेक्षा ०.४५ मीटर वर लागतं. त्यामुळे सिंहगड रोडला नदीकडच्या बाजूला प्लॉट असेल तर मोजणीसोबत जमिनीची लेव्हलही काढून घ्या, नाहीतर जोत्याचा आकडा ठरतच नाही.

समाविष्ट गावांत आधी हे विचारा की तुमच्या गावाची परवानगी आज कोणतं प्राधिकरण देतं. उरुळी देवाची आणि फुरसुंगी तर महापालिकेतून बाहेर पडून वेगळी नगरपरिषद झाली. कॅन्टोन्मेंटचे नियमही वेगळे. चुकीच्या दारात दिलेला अर्ज नुसता परत येतो, आणि तोवर महिना गेलेला असतो.

एरंडवणेकर

मोजणीचा अर्ज आज करतो. एक राहिलं, आवारात दोन आंबे आणि एक नारळ आहे. त्याचं कधी पाहायचं?

टी-स्क्वेअर

मोजणीच्या वेळीच. खोडाचा मध्य, घेर आणि जात लिहून घ्या आणि इमारत त्यांना चुकवून बसते का ते पहिल्या रेखाटनात पाहा. बसली तर उद्यान विभागाकडे तोडीचा अर्जच लागत नाही. आंबा बहुधा मागच्या कोपऱ्यात असतो, तिथं टाकी किंवा लिफ्टचा खड्डा येऊ देऊ नका.