प्रति: संथ खेळ आणि मागे खोळंबलेले लोक

गोल्फमध्ये संथ खेळणाऱ्यांच्या बाजूने वर कुणीतरी ‘पैसे भरलेत, मग घाई कसली?’ असं म्हटलंय, ते मला मुळीच पटलं नाही. मागे उन्हात ताटकळणाऱ्या चौघांनीही पैसे भरलेलेच असतात. २०१९ पासून चेंडू शोधायला ५ ऐवजी ३ च मिनिटं मिळतात, आणि फटका ४० सेकंदांत मारावा अशी नियमांतच शिफारस आहे. आमच्या बडोद्याला राजवाड्याच्या आवारातल्या कोर्सवर झाडं भरपूर. चेंडू तिकडे गेला, हरवेलसं वाटलं, की तसं सांगून लगेच प्रोव्हिजनल, म्हणजे पहिला सापडला नाही तर वापरायचा दुसरा चेंडू, मारावा. सगळ्यात चीड येते ती ग्रीनवरच (भोकाभोवतीच्या आखूड गवतावर) उभं राहून स्कोअर लिहिणाऱ्यांची! कार्ड पुढच्या टीवर, म्हणजे पुढचा पहिला फटका मारायच्या जागी, भरा ना. आणि पुढचं अख्खं होल, म्हणजे टीपासून ग्रीनपर्यंतचा पट्टा, रिकामं दिसलं, तर हात करून मागच्यांना आधी जाऊ द्या.