अनुभव धागा: वर्गात अस्वल आलं, पुढे काय?

आमच्या बालवाडीत यंदा डिसेंबरात 'अस्वल' ही थीम आहे. कागदी कान आणि रंगवायची चित्रं यापलीकडे तुम्ही काय केलंत, काय जमलं, काय फसलं, लिहा. फोटो नसले तरी चालतील, कृती नीट सांगा.

ठाणेकर ताई
ध्रुवीय अस्वल घेणार असाल तर डालडा आणा. झिपच्या पिशवीत डालडा, त्यात दुसरी पिशवी उलटी करून घालायची आणि कडा चिकटपट्टीने पक्क्या बंद करायच्या (नाहीतर सतरंजी धुवावी लागते). एक हात त्यात, दुसरा साध्या पिशवीत, आणि दोन्ही बर्फाच्या पाण्यात. साध्या पिशवीतला हात किंचाळत बाहेर येतो. मग चरबीवर भाषण द्यावं लागत नाही.

मेळघाटातली शिक्षिका
आमच्याकडे अस्वल रानातच असतं. पहिलीच्या वर्गात गुबगुबीत तपकिरी चित्र लावलं, तर एक पोरगी म्हणाली, "मॅडम, हे नाही. आपलं काळं असते, लय केस असलेलं." मग मुलांनी सांगायचं आणि मी फळ्यावर काढायचं असं ठरलं. छातीवरचा पांढरा पट्टा, लांब नखं, वारूळ, टेंभरं, बोरं, आईच्या पाठीवर बसलेली पिल्लं. आणि ते हिवाळाभर झोपत नाही, हेही त्यांनीच सांगितलं.

या अस्वलाला वरचे मधले दोन दात नसतात, त्या फटीतून ते वाळवी ओढून घेतं. पुढचे दात पडलेली पोरं हे ऐकून एकदम मोठी झाली! मग खेळ घेतला: पपईच्या देठाची नळी, ताटलीत वाळक्या पानांचे तुकडे. श्वासाने तुकडा टोकाला ओढून धरायचा आणि दुसऱ्या ताटलीत सोडायचा.

दोन मित्रांची ती गोष्ट मात्र मी सांगत नाही. श्वास रोखून पडलं की अस्वल हुंगून निघून जातं, असं इथल्या पोरांच्या डोक्यात भरवणं परवडणारं नाही. मोहाच्या दिवसांत ती आईसोबत पहाटे फुलं वेचायला जातात आणि अस्वलही त्याच झाडाखाली येतं. त्याऐवजी नाटुकलं बसवतो: एकटं जायचं नाही, बोलत जायचं, पिल्लू दिसलं तर मागे फिरायचं.

सिअ‍ॅटलहून
इथल्या प्रीस्कूलमध्ये शरद ऋतूत अलास्काच्या काटमाई राष्ट्रीय उद्यानातली 'फॅट बेअर वीक' असते. ब्रूक्स नदीतले साल्मन खाऊन सुटलेली अस्वलं. आधीचा आणि नंतरचा फोटो बघून मत द्यायचं. हिवाळ्याच्या झोपेआधी का खायचं, हे चार वर्षांच्या मुलालाही कळतं. जाडेपणाचं एवढं कौतुक दुसरीकडे कुठे होतं म्हणा!

पुण्याची आजी
नातवाच्या वर्गात मला दरवेशाचं अस्वल सांगायला बोलावलं होतं. आमच्या लहानपणी गल्लीत यायचं, आया त्याच्या केसांचा ताईत पोरांच्या गळ्यात बांधायच्या. मुलांनी एकच प्रश्न लावून धरला: नाकात दोरी का? खरं ते सांगितलं. नंतर आग्र्याजवळच्या केंद्रात अशी सोडवलेली अस्वलं ठेवतात, हेही सांगितलं.

ठाणेकर ताई
मेळघाटच्या मॅडम, पपईचा चीक तोंडाला लागत नाही का?

मेळघाटातली शिक्षिका
हिरवा देठ घ्यायचाच नाही. झाडाखाली गळून पडलेल्या पिवळ्या पानांचे देठ कापून धुऊन घेते. प्रत्येकाची नळी वेगळी.