महेश्वरची संध्याकाळ, नावेतून: मुंबईकरांचे अनुभव

अहिल्याबाई होळकरांची राजधानी असलेले महेश्वर इंदूरपासून सुमारे ९० किलोमीटरवर, नर्मदेच्या उत्तर तीरावर आहे. बहुतेक मुंबईकर दुपारी किल्ला पाहून, साड्या घेऊन लगेच ओंकारेश्वरची वाट धरतात. जे संध्याकाळी तिथेच थांबले आणि नावेत बसले, त्यांनी सविस्तर लिहावे.

दादर:
रात्रीच्या अवंतिका एक्स्प्रेसने निघालो आणि दुसऱ्या दिवशी दुपारी महेश्वरला पोहोचलो. नाव सूर्यास्ताच्या तासभर आधी ठरवावी असे मी आग्रहाने सांगेन, कारण घाटावर उभे असताना किल्ला इतका डोक्यावर येतो की त्याचा अंदाजच येत नाही. नाव जरा आत गेली की पायऱ्या, छत्र्या, झरोके आणि तटबंदी असे सगळे एकावर एक रचलेले दिसू लागते. नर्मदा पश्चिमेकडे वाहते, त्यामुळे मावळतीचे ऊन प्रवाहावरून तिरपे येते आणि दगडातले कोरीवकाम अगदी उठून दिसते. पात्राच्या मधोमध खडकावर बाणेश्वराचे छोटे मंदिर आहे. तिथे नाव थांबवायला आधीच सांगून ठेवावे, नाहीतर नुसता वळसा मारून परत आणतात.

गोरेगाव:
इंजिनाच्या नावेत सासूबाईंशी ओरडून बोलावे लागत होते, शिवाय डिझेलचा वास. दुसऱ्या संध्याकाळी वल्ह्यांची नाव मागितली. "टाइम लगेगा, दीदी," असे नावाड्याने बजावले. आम्हाला तेच तर हवे होते! भाडे माणशी आहे की पूर्ण नावेचे, हे बसण्याआधी विचारावे.

मुलुंड:
घाटावर पांढऱ्या कपड्यांतले एक मराठी जोडपे भेटले. आमच्या नावेत जागा होती, म्हणून मी त्यांना "चला की आमच्याबरोबर" असे म्हटले. काकू हसल्या आणि त्यांनी झोळीतून नर्मदाजलाची कुपी काढून दाखवली. ते परिक्रमेला निघाले होते, आणि परिक्रमावासीयाने नर्मदेचे पात्र ओलांडायचे नसते. आम्ही परतलो तेव्हा आरती सुरू झाली होती आणि त्यांनी आमच्यासाठी पायरीवर जागा धरून ठेवली होती.

लालबाग:
आम्ही भर पावसाळ्यात गेलो. पाणी चढल्यामुळे नावा बंद होत्या आणि घाटाच्या खालच्या पायऱ्या दिसतही नव्हत्या. आरती मात्र निवांत पाहता आली. नावेसाठीच जायचे असेल, तर दिवाळीनंतरचा बेत आखावा.