प्रतिसाद: नाव बदलून प्रश्न सुटेल का?
अमेरिकेतील कृष्णवर्णीय पालकांनी लकीशा, जमाल यांसारख्या नावांऐवजी सर्वपरिचित नावे ठेवली तर मुलांना पुढे नोकरी मिळवताना नावावरून येणारी अडचण टळेल, असे सुचवले जाते. पण त्यामुळे दोष नोकरीचा अर्ज वाचणाऱ्याकडून पालकांकडे सरकतो, म्हणून मला ते पटत नाही. बर्ट्रांड आणि मुल्लैनाथन या अर्थशास्त्रज्ञांनी बोस्टन व शिकागो येथील नोकरीच्या जाहिरातींना सुमारे ५,००० काल्पनिक अर्ज पाठवले होते, आणि २००४ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात एमिली, ग्रेग अशा गोऱ्यांच्या समजल्या जाणाऱ्या नावांना मुलाखतीसाठी सुमारे ५० टक्के अधिक बोलावणी आल्याचे दिसले. अर्जांतील पात्रता तुल्यबळ होती. मला अधिक बोचते ते हे, की अर्ज जास्त सरस केल्यावर गोऱ्या नावांना जेवढा लाभ झाला, त्याहून कितीतरी कमी लाभ कृष्णवर्णीय नावांना झाला.