मदत हवी आहे: दुसरीतल्या मुलीला घरातली धूळ कशी समजावू?

शाळेच्या व्हॅनमधल्या एका मोठ्या ताईने लेकीला सांगितलं की घरातली धूळ म्हणजे माणसांची मेलेली कातडी. झालं! आता बाईसाहेब सोफा झटकल्याशिवाय बसत नाहीत, आणि परवा पाहुण्यांसमोर टीपॉयवर बोट फिरवून विचारलं, "ही बाबांची आहे का?"

आम्ही घोडबंदर रोडला, कासारवडवलीजवळ. मेट्रोचं काम, नवे टॉवर, दिवसरात्र डंपर. सकाळी पुसलेल्या टीपॉयवर संध्याकाळी नाव लिहिता येतं. म्हटलं, बाहेरची माती गं ही. तर म्हणे, दिवाळीत आठवडाभर गावाला होतो, खिडक्या बंद होत्या, मग तेव्हा कुठून आली? शिवाय पंखा एवढा गरगर फिरतो, तरी पात्यावर धूळ बसते कशी?

कातडीचे कण असतात, पण चादरींचे धागे, केस, चपलांची माती, फोडणीचा धूर, परागकणही असतात, हे मला ठाऊक आहे. तिला पटेल असं कसं सांगू? आणि धुळीतल्या माइट्सचं, म्हणजे गादीत राहणाऱ्या बारीक जिवांचं, सांगावं का? गादी सोडून लादीवर झोपेल ही.

प्रतिसाद १
सांगू नका, दाखवा. सकाळी पडदा जरासा सारून कवडसा पाडा. त्यात नाचणारे कण एरवीही हवेत असतातच. बारीक कण खाली बसायला तासन् तास घेतात, आणि सरकत्या खिडक्यांच्या फटींतून नवे येत राहतात. दिवाळीचं उत्तर तिथेच मिळेल. पंख्याचं म्हणाल तर पात्याला चिकटलेला हवेचा पातळ थर पात्यासोबतच फिरतो, म्हणून तिथल्या कणाला वारा लागतच नाही. त्यात स्वयंपाकाचा तेलकटपणा.
मग पांढऱ्या कार्डांवर व्हॅसलिन चोपडून ती चार ठिकाणी ठेवायला सांगा. आठवड्याने भिंगातून बघू दे.

प्रतिसाद २
माइट्सचं खुशाल सांगा. कोळ्याचे नातलग, आठ पाय, अर्ध्या मिलिमीटरहून लहान, चावत नाहीत, आपल्या कातडीचे कण खातात. त्रास होतो तो त्यांच्या विष्ठेचा, ज्यांना ॲलर्जी आहे त्यांना. दमट हवेत फोफावतात, म्हणून आजी गाद्या उन्हात टाकायची. आता फ्लॅटमध्ये कुठलं ऊन! चादरी गरम पाण्यात धुवा. आणि कोरडा झाडू मारला की खाली बसलेली धूळ पुन्हा उडते, त्यापेक्षा ओलं फडकं बरं.

धागाकर्ती
धन्यवाद! कार्डं आज उचलली. खिडकीतलं मातकट. पलंगाखालच्यावर निळा धागा, तिच्याच युनिफॉर्मचा, त्यावर ती भलतीच खूश. कातडी विसरली. पण चौथं कार्ड तिने गुपचूप देव्हाऱ्यात ठेवलं होतं, उदबत्तीच्या शेजारी, आणि तेच सगळ्यांत काळं निघालंय. आता हे सासूबाईंना कोण सांगणार?