फॅक्टर दिल्यानंतरचे प्रश्न

हिमोफिलियाच्या (रक्त नीट न गोठण्याच्या विकाराच्या) रुग्णाला आधी फॅक्टर, म्हणजे त्याच्या रक्तात कमी असलेले गोठवणारे प्रथिन, दिला की दात निर्धास्तपणे काढता येतो, असे एक मत मांडले जाते; ते मला अपुरे वाटते. लाळेमुळे रक्ताची गुठळी लवकर विरघळते, त्यामुळे पहिल्या दिवशी कोरडी दिसणारी, दात काढलेल्या जागेची खाच तीन-चार दिवसांनी पुन्हा वाहू लागू शकते. म्हणूनच खाचेत सेल्युलोजची जाळी बसवून टाके घालतात आणि ट्रानेक्झॅमिक ॲसिड हे गुठळी विरघळू न देणारे औषध गोळ्यांच्या किंवा गुळण्यांच्या रूपात साधारण आठवडाभर चालू ठेवतात.

हे मत मांडताना भुलेच्या इंजेक्शनची चर्चा झालीच नाही, याचे आश्चर्य वाटले. खालच्या जबड्याची मुख्य नस बधिर करताना सुई खोलवर जाते आणि तिथला रक्तस्राव घशाकडे पसरल्यास श्वासमार्ग दाबला जाऊ शकतो. फॅक्टरची पातळी वाढवल्याशिवाय हे इंजेक्शन देऊ नये. शक्य असेल तिथे दाताजवळच भूल द्यावी.

डेस्मोप्रेसिन हे शरीरातील फॅक्टर ८ची पातळी वाढवणारे औषध सौम्य हिमोफिलिया ‘ए’मध्ये (फॅक्टर ८ कमी) बहुधा उपयोगी पडते, ‘बी’मध्ये (फॅक्टर ९ कमी) मात्र नाही, त्यामुळे चिठ्ठीवर नुसते ‘हिमोफिलिया’ असून भागत नाही, तर प्रकार, तीव्रता आणि इन्हिबिटर (दिलेला फॅक्टर निकामी करणारी प्रतिपिंडे) आहेत का, हे रक्तविकारतज्ज्ञांकडून लेखी घ्यावे. वेदनेसाठी पॅरासिटामॉल चालते. ॲस्पिरिन आणि आयब्युप्रोफेन टाळावे.